दवंडीच्या घंटेचा तपास

त्या घंटेची केस आठवली की आजही अंगावर पुन्हा वर्दी चढल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे ही केस माझ्या हाती आली ती निवृत्तीनंतर, अमेरिकेत, प्लेनोमधल्या लेकीच्या डायनिंग टेबलावर. घटनास्थळ इंग्लंडमधलं एक छोटं गाव, फिर्यादी शेजारच्या आजीबाई, आणि संशयित म्हणजे त्यांचे आजोबा, जे कधीच देवाघरी गेले होते. नावं कोणाचीच सांगत नाही, ती सवय सुटलेली नाही.

खबर आणली आमच्या सौभाग्यवतींनी. पोलीस खात्यात असताना माझ्या हाताखाली चांगले खबरे होते, पण हिच्यासारखा एकही नाही. शेजारच्या आजींबरोबर ती रोज सकाळी फिरायला जायची. एके दिवशी परत येऊन म्हणाली, "बाई आज रडत होत्या. तुम्ही एकदा ऐकून घ्या त्यांचं. एवीतेवी बसूनच असता."

प्रकरण असं होतं. आजींचे आजोबा त्या इंग्लिश गावात दवंडी द्यायचे. हातात पितळी घंटा घ्यायची, चौकात उभं राहून ती वाजवायची आणि गावाला बातमी सांगायची. गावाचा तो मोठाच मान. एका वर्षी ऐन जत्रेच्या तोंडावर घंटा गायब झाली. ती आजोबांच्या ताब्यात असायची, म्हणून चोरीचा आळ त्यांच्यावर आला. पुरावा नाही, खटला नाही, पण काम गेलं आणि गावात तोंड दाखवणं अवघड झालं. बायकोमुलांना घेऊन ते अमेरिकेत आले. आता त्या गावची समिती जुन्या सगळ्या दवंडीवाल्यांच्या नावांचा फलक बाजारपेठेत लावणार होती. आजींनी ईमेल केला, तर उत्तर आलं की चोरीचा डाग असलेलं नाव घालता येणार नाही. पुरावा असेल तर फलक रंगवायला जाण्याआधी पाठवा. आजींचं वय पंचाऐंशीच्या पुढे. पुढच्या फलकाची वाट पाहायला त्या कुठून राहणार?

मी लेकीला जुनी इंग्लिश वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर काढून द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज, शेजाऱ्यांना इंटरोगेट करू नका हं. इथे लोक माइंड करतात." पण वर्गणी तिनेच भरली.

मग काय, मला दुसरं काही सुचेना. काय एकेक बातम्या! चर्चमध्ये शिट्टी वाजवल्याबद्दल एका शिंप्याला दंड, पोस्टमनला चावणारं बदक, भोपळ्याच्या बक्षिसावरून दोन सख्ख्या भावांची मारामारी. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात सकाळी येणाऱ्या तक्रारी याहून वेगळ्या नसत. साहेबांचं गाव आणि आपलं गाव, माणूस तोच.

घंटेची बातमी पहिल्याच पानावर, मोठ्या टायपात होती. ती वाचताना एक गोष्ट खटकली. कचेरीतल्या ज्या कपाटात आजोबा घंटा ठेवायचे, त्याच कपाटात चांदीचा पेला होता, तो जागेवरच होता. चांदी सोडून पितळ नेणारा चोर मी सबंध नोकरीत पाहिला नाही. शिवाय झडती फक्त आजोबांच्या घराची झाली होती. मोठ्या लोकांच्या पेट्या उघडायचं कोणाच्या मनातही येत नाही, हे तिकडेही तसंच.

मी आजींकडे चौकशीला गेलो. त्यांच्या दाराला बेल नव्हती. आमच्या दाराला आहे, पण आमच्याकडेही त्या नेहमी टकटक करूनच यायच्या. हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या की आजोबांनी घरात कसलीच घंटा येऊ दिली नाही, वडिलांनीही नाही, मग सवयच पडली. एवढं सांगून त्या चहाकडे वळल्या. मी ओळखलं की अजून काहीतरी पोटात आहे. माणूस लपवतो तेव्हा तो गुन्हेगारच असतो असं नाही, पुष्कळदा तो नुसता घाबरलेला असतो. मी चहा घेतला, त्यांच्या गुलाबांचं कौतुक केलं आणि पुन्हा तिथेच आलो. तिसऱ्या फेरीला त्यांचे डोळे भरून आले.

"आजोबा शेवटपर्यंत एकच सांगायचे," त्या म्हणाल्या. "घंटा मी नगराध्यक्षांपाशी ठेवली. पण नगराध्यक्ष त्याआधीच वारले होते. म्हणजे ते खोटं बोलत होते ना?"

मी घरी येऊन तपासलं. खरंच, जत्रेच्या आधीच नगराध्यक्षांचं निधन झालं होतं. माझं तोंड उतरलं. संशयिताचा जबाब पहिल्याच पडताळणीत खोटा ठरला की केस हातातून गेलीच म्हणून समजा. आजींना काय सांगायचं याचा विचार करत मी दोन दिवस चिडचिड करत काढले.

नेमकं त्याच वेळी साताऱ्याचे माझे चुलत भाऊ गेल्याचा फोन आला. आम्हाला सुतक लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्रांपुढे बसलो होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की देवघरातली घंटा वाजली नव्हती. पाहिलं तर बायकोने ती फडक्यात गुंडाळून कपाटात वर ठेवून दिली होती.

"सुतकात कुठे पूजा असते?" ती म्हणाली. "घंटा कशाला हवी?"

मी ताडकन उठलो. त्या गावातही तर तेव्हा नुकताच माणूस गेला होता, आणि तोही गावाचा प्रमुख! मग त्यांच्या घंटेचं काय केलं असेल? मी गुन्ह्याच्या बातम्या सोडल्या आणि अंत्ययात्रेचं वर्णन शोधलं. सापडलं. पदावर असताना नगराध्यक्ष वारला तर गावाची एक रीत होती. दवंडीच्या घंटेची जीभ काळ्या कापडाने बांधायची, ती शवपेटीवर ठेवायची आणि त्यावर जाडजूड काळी मखमल पांघरायची. आजोबांनी घंटा पेटीवर ठेवली होती, हे वर्तमानपत्रातच छापलं होतं. ते खरं बोलत होते! घंटा त्यांनी नगराध्यक्षांपाशीच ठेवली होती. दफनानंतर ती परत कपाटात ठेवणं त्यांचंच काम, म्हणून ती त्यांनीच लांबवली असं गावाने धरलं असणार.

पुढे काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. दफनाआधी कोणीतरी घाईने मखमल गोळा केली. जीभ बांधलेली घंटा आवाज कुठून करणार? त्या मखमलीत नारळ गुंडाळला तरी कळला नसता. ती मखमल तशीच चर्चच्या सामानाच्या पेटीत गेली. मखमल पुन्हा केव्हा बाहेर निघणार? पुढचा नगराध्यक्ष पदावर असताना वारेल तेव्हा. मी वर्षांमागून वर्षं उलटत ती बातमी शोधली. जेवायला हाका मारून मारून बायको कंटाळली. शेवटी ती अंत्ययात्रा सापडली, आणि त्याच आठवड्याच्या अंकात, कोणाच्या कोबीला बक्षीस मिळालं त्याच्या खाली, बारीक टायपात तीन ओळी. मखमल उलगडताना आत काळ्या फडक्यात बांधलेली एक जुनी घंटा मिळाली, ती नगरपालिकेच्या कचेरीत जमा केली.

बस्स. मुद्देमाल मिळाला होता! तोवर गावाने नवी घंटा घेतली होती, कचेरीत नवी माणसं आली होती, आणि ज्याच्यावर आळ आला तो समुद्रापलीकडे होता. चोरी पहिल्या पानावर छापली होती, सुटका मात्र कोबीखाली. मी टेबलावर अशी थाप मारली की लेक मीटिंग सोडून धावत आली. तिनेही वाचलं आणि म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा, यू सॉल्व्ड इट."

दोन्ही बातम्या आम्ही समितीला पाठवल्या. सोबत मी एक अहवालही जोडला, अगदी खात्यात लिहायचो तसा मुद्देसूद.

आरोपीचं म्हणणं खोटं वाटलं की आपण ते खोटं ठरवायच्या मागे लागतो. या केसने मला शिकवलं की ते आधी खरं धरून दोन पावलं चालून पाहावं. नगराध्यक्ष वारले होते एवढंच आजींनी आणि मीही पाहिलं. वारलेल्या माणसापाशीही काही ठेवता येतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

समितीचं उत्तर आजींच्या ईमेलवर आलं. मला ते कळलं ते असं. दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि आमची दाराची बेल वाजली. वाजतच राहिली. कुरियरवाल्याला एवढी कसली घाई म्हणून मी जरा रागानेच दार उघडलं. समोर आजी उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडभर हसू होतं, आणि बोट अजून बेलवरच होतं.