चिमणीच्या रंगाचे ब्रेक

स्पोर्ट्स कारच्या चाकांतून ब्रेकचा एक लोखंडी पंजा दिसतो. त्याला कॅलिपर म्हणतात. चाकाच्या आतली तबकडी आवळून गाडी थांबवायची, एवढंच त्याचं काम, आणि ते तो करड्या रंगातही चोख करतो. पण गाडीला शोभेल असा रंग त्याला द्यायचा ही श्रीमंत पोरांची हौस. लोअर परळच्या एका गल्लीत माझा गाळा होता आणि त्याचं पोट बरीच वर्षं याच हौसेवर भरलं. त्यामुळे हसायचा हक्क मला नाही. चिडायचा आहे.

त्या गिऱ्हाइकाची गाडी राखाडी होती, बुटकी, आणि इतकी महाग की तिच्या जवळून जाताना मी पट्ट्याचं बकल हाताने झाकायचो. रंग मात्र ठरता ठरेना. लाल नको, लाल सगळेच लावतात. पिवळा टॅक्सीचा. हिरवा बायकोला आवडत नाही. शनिवारामागून शनिवार तो यायचा, खुर्ची ओढून बसायचा, पत्र्यावरचे नमुने चाकाजवळ धरायला लावायचा आणि मान हलवून निघून जायचा. चार ब्रेकांच्या रंगावर त्याने जेवढा विचार केला, तेवढा आमच्या अख्ख्या गिरणीवर कोणी केला असता तर माझं लहानपण वेगळं गेलं असतं.

मग एके दिवशी तो खुशीत आला. म्हणाला, "हमारे टॉवर में वो पुरानी चिमनी है ना? एक्झॅक्टली वही रेड चाहिए. ओल्ड मिल वाली फील."

ती चिमणी बाबांच्या गिरणीची. बाबा तिथे रंगखात्यात होते. संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. संप मिटलाच नाही, नुसता विरत गेला, आणि गेट उघडल्यावर ज्यांना परत घेतलं नाही त्यांत बाबा होते. आईने खानावळीचे डबे केले म्हणून लालबागची खोली टिकली. बाबांनी मिळेल ते केलं, मग काहीच मिळेनासं झालं. गिरणी पाडून टॉवर उभा राहिला. चिमणी तेवढी ठेवली, शोभेला. खाली हिरवळ, भोवती कारंजं.

त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणायला हवं होतं. पण रंगांच्या नमुना-कार्डावर तसा लाल नव्हता, आणि मनात आलं की हे बाबांचंच काम आहे. घरी सांगितलं तर बाबांनी काही विचारलंही नाही. सकाळी उठून दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि माझ्या आधी दारात उभे राहिले. किती वर्षांनी त्यांना कोणी रंग मिळवून द्यायला सांगत होतं. मला घाई करत म्हणाले, "उजेड चांगलो आसा तवर बगूक व्हयो."

गेटवर गिऱ्हाइकाने सांगून ठेवलं होतं. आम्ही चिमणीखाली गेलो. बाबा वर बघत राहिले. "ही तांबडी कधी होती रे? काळी कुळकुळीत होती. हिका तांबडी कोणी केल्यान?" मी म्हटलं, बिल्डरने केली असेल, तुम्ही रंग बघा. मी पार्किंगमध्ये गाडीची चाकं बघायला वळलो.

रंगखात्यात तोंडी रंग कोणी घेत नसे. लक्षात ठेवलेला रंग दारातून बाहेर पडेपर्यंत बदलतो, असं बाबा म्हणायचे. कापडाच्या टोकाची चिंधी कापायची, खिशात घालायची आणि ती शेजारी धरूनच रंग उकळायचा. बाबांनी तेच केलं. खोलीच्या किल्लीने चिमणीचा नखाएवढा पोपडा काढला आणि रुमालात बांधला.

मी परत आलो तेव्हा वॉचमनने त्यांचं मनगट धरलं होतं. बाबा समजावत होते, "अरे, नमुनो घेतलंय. कामाचो आसा." गिऱ्हाईक खाली आलं. मला वाटलं, सोडवेल. तो पोपड्याच्या जागेवर बोट फिरवत बाबांना म्हणाला, "अंकल, ये हेरिटेज है. आप लोगों को वॅल्यू नहीं समझती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने त्या चिमणीच्या धुरात निम्मा जन्म काढला, त्याला हा पोरगा चिमणीची किंमत शिकवत होता. मी तोंड उघडणार एवढ्यात बाबांनीच मला दटावलं. "गप. काम हातचा जाईत." आणि त्या पोराला दोनदा सॉरी म्हणाले. पोपडा मात्र दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यात दिवसभर उभे होते. थेंब थेंब काळा घालायचा, पट्टी रंगवायची, भट्टीत भाजून निवू द्यायची, मग दारात उजेडात पोपड्याशेजारी धरायची. जेवायला बसा म्हटलं तर बसले नाहीत. संध्याकाळच्या आत रंग मिळाला. मला तरी दोन्हींत फरक दिसेना. बाबा गालात हसत होते. ते असे हसतात हेच मी विसरून गेलो होतो.

तेवढ्यात फोन आला. माझे हात रंगाचे, म्हणून स्पीकरवर घेतला. "सुनो, वो चिमनी वाला रहने दो. वाइफ बोली बहुत मिडल क्लास लगेगा. ब्लॅक कर दो." फोन बंद झाला.

बाबांनी रंग ढवळायची काठी पुसली. डब्याचं झाकण बसवून कडेकडेने ठोकलं. मग विचारलं, "मगे उद्या मी येव नको ना?"

"का नको? या ना! रोज या," मी त्यांच्यावरच ओरडलो.

"काम नाय तर कित्याक येव?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी चारही कॅलिपर काळे केले, आणि नीट केले, कारण काम बिघडवायला त्यांनी मला कधी शिकवलंच नव्हतं. त्याचाही मला राग येतो.