सदूभाऊंनी माझ्या ड्रॉइंगवरून बांधलेली युद्धनौका

गणपतीच्या आधीच्या सोमवारी नगरजवळ सुप्याला कंपनीत होतो. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, तेवढ्यात सदूभाऊंचा फोन... "साहेब, दोन नंबरच्या तोफेची नळी कॅप्टनच्या केबिनीत घुसती. ड्रॉइंगपरमानंच करू का जरा वाकवू?"

मला काही समजेना. आमच्या कंपनीत कन्व्हेयरचे सांगाडे बनतात. तोफ कुठली आणि कॅप्टन कुठला?

सदूभाऊ भिंगारचे फॅब्रिकेटर. गेली दहा-बारा वर्षं माझ्या ड्रॉइंगवर काम करतात. ते तोफेचं बोलतायत म्हटल्यावर मी आधी ऊन लागलं असेल असंच धरलं.

मग डोक्यात प्रकाश पडला.

झालं असं की मला युद्धनौकांचं वेड आहे. राहतो नगरला, समुद्र आयुष्यात चारदा पाहिलाय, तरी आहे. त्यातही गेम्स, कादंबऱ्या आणि सिरीजमधल्या अचाट नौकांची टिंगल करणं हा माझा आवडता उद्योग. पुढे धावपट्टी, मागे धावपट्टी, मधे तोफांची जत्रा... पाण्यात सोडली तर नारळ फुटायच्या आत कलंडेल. अशा चित्रांखाली मी लांबलचक लिहितो आणि आमच्या फेसबुक ग्रुपवरचे लोक हसतात.

जूनमध्ये म्हटलं, आपणच एक जगातली सर्वांत मूर्ख नौका काढू. तीनशेवीस मीटर लांब, पंचवीस तोफा, त्यातल्या चार एकमेकींवर रोखलेल्या आणि एक थेट कॅप्टनच्या काचेवर. हेलिकॉप्टर उतरायची जागा नेमकी चिमणीच्या तोंडावर.

पण हाताला वळण पडलेलं... सगळी मापं टाकली, वेल्डिंगच्या खुणा टाकल्या, खाली कोपऱ्यात चौकट आखून स्वतःचं नावसुद्धा टाकलं. पोस्ट तुफान चालली.

संध्याकाळी सुप्याहून थेट भिंगार गाठलं. तिथल्या गणेश मंडळाच्या मंडपात स्क्वेअर पाइप आणि पत्र्याची सव्वीस फुटी नौका उभी होती. सदूभाऊंनी सगळी मापं बरोब्बर चाळीस पटींनी लहान केलेली. मंडळाचा गणपती डेकवर बसणार होता, चिमणीशेजारी.

हसावं की पळून जावं, कळेना.

दोष कुणाला देणार? काही वर्षांपूर्वी सदूभाऊंनी एक भोक आपल्या मनाने सरकवलं, तेव्हा मीच त्यांना झापलं होतं. ड्रॉइंगमध्ये आहे तेच करायचं, डोकं लावायचं नाही!

"अहो सदूभाऊ, हे ड्रॉइंग..." एवढंच बोललो असेन. ते हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवत म्हणाले, "मनीषानं धाडलं ना मोबाईलवर. तिची बोट हाय ही. तुमी नेव्हीची पन कामं करता व्हय? कदी बोलला न्हाई!"

मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी, गेल्या वर्षी नेव्हीत लागली. जहाजाचे फोटो घरी पाठवायला परवानगी नाही, त्यामुळे लेक कुठे काम करते ते सदूभाऊंनी कधी पाहिलेलंच नाही. तिने माझी पोस्ट गंमत म्हणून पुढे ढकललेली, सोबत फक्त तीन हसरे चेहरे. ते बघून सदूभाऊंना वाटलं, ही तिचीच बोट आणि पोरगी तिथं खुशीत आहे.

मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगू शकलो. मंडळाने पेठभर सांगून ठेवलेलं की यंदा आपल्या मनीषाची बोट आहे, आणि मनीषा बुधवारी रजेवर येणार होती. तिने चार लोकांत एकदा 'हे काय?' म्हटलं असतं, की पंधरा दिवस राबलेल्या माणसाचं हसं झालं असतं. तिचा नंबर मागावा तर कशाला हवा, ते सांगावं लागलं असतं...

बुधवारी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणूनच गेलो.

मनीषा खांद्यावर बॅग घेऊन एसटीतून उतरून तशीच मंडपात आली. नौका बघून जागच्या जागी थांबली. ओठ हलले, आता ही फिस्सकन हसणार असं वाटलं... मग तिने वडिलांच्या हाताकडे पाहिलं. ठिणग्यांनी भाजलेले डाग होते, हातात मोजायची टेप होती.

"मापात हाय का गं?" सदूभाऊंनी विचारलं.

"एकदम मापात, अण्णा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला जरा हायसं वाटलं. पण सदूभाऊ तिच्या जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "समदं बसवलं बघ. पन तू झोपती कुटं? पंधरा दिस शोधतुय, ड्रॉइंगमधी जागाच घावंना."

मी खाली बघायला लागलो. पंचवीस तोफा काढल्या होत्या मी. माणूस एकही नव्हता.

मनीषाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग वाकून तिसऱ्या तोफेखालच्या कोऱ्या पत्र्यावर बोट ठेवलं. "इथं, अण्णा. वरचा बंक आहे माझा. शेजारी खिडकी, पडल्या पडल्या समुद्र दिसतो."

दुसऱ्या दिवशी त्या जागी पत्र्याला मुठीएवढी गोल खिडकी कापलेली होती, आत पिवळा बल्ब. दहा दिवस लोक तोफांसोबत सेल्फी काढत होते आणि सदूभाऊ येईल त्याला खिडकी दाखवत होते.

हे सगळं मनीषाला विचारून, नावं बदलून लिहितोय. सदूभाऊ फेसबुकवर नाहीत. ती जुनी पोस्ट काढून टाकावी की राहू द्यावी, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. टिंगल कुणाची झाली, हेही धड कळलेलं नाही.

मनीषा परत निघाली तेव्हा तिचे आभार मानले आणि न राहवून विचारलं, खरंच तुझा बंक तिथंच आहे का गं?

"बंक आहे, काका," ती म्हणाली. "खिडकी नाही."