गाडीच्या कॉम्प्युटरला ऊन लागतं म्हणे

आमच्या घराण्यात मला कुणी सायकलसुद्धा उसनी देत नसे. सायकल परत येईल याची सगळ्यांना खात्री होती, पण तिच्यासोबत जी गोष्ट येईल तिच्यावर कुणाचा विश्वास नसे. पंक्चर झालं असेल, तर मी शपथेवर सांगणार की बाभळीचा काटा नव्हता, रानडुकराचा सुळा होता. अशा माणसाला थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, आपली अख्खी मोटार वापरायला दिली.

भाऊजींचं तेल्हाऱ्याला बी-बियाण्यांचं दुकान. कपाशीची ती पडती वर्षं होती. पेरलेलं उगवेना, उगवलेलं अळी सोडेना, आणि बियाण्यांच्या दुकानासमोर चकचकीत गाडी उभी ठेवणं भाऊजींना नकोसं झालं.

"लोकं आदी गाडीकडे पायतात, मंग माह्याकडे," ते म्हणाले. "तू ने अमरावतीले. मले भरोसा हाये तुह्यावर."

असं वाक्य त्याआधी मला उद्देशून कुणी उच्चारलं नव्हतं. गाडीत बसून, काचा लावून, मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

मे महिना लागला तशी मी डाव्या सीटच्या पायाशी पाण्याचं मडकं ठेवू लागलो, ओल्या पोत्यात गुंडाळून. बैलगाडीत आमच्याकडे असंच ठेवत आले आहेत. बैलगाडीच्या तळाला फटी असतात आणि मोटारीच्या तळाला नसतात, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नाही. पोतं ठिबकत राहिलं, पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरत राहिलं आणि नेमका त्याच गालिच्याखाली, कुणा शहाण्याने, इंजिनाचा कॉम्प्युटर बसवला होता.

एका लग्नाला अकोल्याला निघालो आणि बोरगावच्या अलीकडे गाडीने मान टाकली. ट्रॅक्टरला बांधून तिला अकोल्यातल्या एका गॅरेजात आणलं. मी नव्या शर्टात, स्टिअरिंग धरून, पुढच्या ट्रॅक्टरची धूळ खात बसलेला. रस्त्याकडेच्या लोकांना मी नवरदेवासारखा हात करत होतो.

तिथले उस्ताद म्हणजे पांढऱ्या दाढीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेले मेकॅनिक. त्यांनी गालिचा उचलला, डबी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. आतल्या सगळ्या तारा हिरव्या झाल्या होत्या.

"साहब, याच्यात तं धान लावता आलं असतं."

"उस्ताद, हे कोणाले सांगू नका. ऊन लागलं म्हणू."

"मी झूट नाई बोलत." त्यांनी डबी पुसून बाजूला ठेवली. "पण कोणी पुसलं नाई तं बोलत बी नाई."

दुसरा कॉम्प्युटर त्यांनी एका अपघातात गेलेल्या, तशाच गाडीतून मिळवला. तो बसवला तर इंजिन दोन सेकंद चाले आणि बंद पडे. त्या कॉम्प्युटरला आमच्या गाडीची चावी अनोळखी वाटत होती. मग उस्तादांनी ओळख करून द्यायची रीत सांगितली. चावी फिरवून दहा मिनिटं थांबायचं. समोरचा, कुलपाच्या चित्राचा लाल दिवा विझला की चावी बंद करून पुन्हा फिरवायची. असं तीनदा. तोवर पंखा नाही, काच खालीवर करायची नाही आणि दार मुळीच उघडायचं नाही. बॅटरी बसली तर पुन्हा पहिल्यापासून. दाराचा या शिकवणीशी फारसा संबंध नसतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मी चावीला हात घातला आणि डावं दार उघडून भाऊजी आत येऊन बसले. दुकानाच्या कामाने अकोल्यात आले होते. रस्त्यावरून त्यांना आपल्या गाडीचा नंबर दिसला.

"काय साळेबुवा, तू तं लग्नात जेवून रायला होता नं?"

मी चावी फिरवली. लाल दिवा लागला. काचा दोन बोटं उघड्या, वर पत्र्याची शेड, दुपारचे दोन.

"काय झालं गाडीले?"

"ऊन लागलं, भाऊजी. कॉम्प्युटरले."

एकदा तोंड उघडलं की माझ्याच्याने थांबवत नाही. बोरगावजवळ रस्त्याचं डांबर कसं पातळ झालं होतं, बोनेटवर बसलेला कावळा कसा एक पाय वर, एक पाय खाली नाचत होता, सगळं मी हातवारे करून सांगितलं. कावळ्याचा आवाजही काढला. बाहेर टायरवर बसलेले उस्ताद आपल्याच पान्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागले.

दिवा विझला. मी चावी बंद केली, पुन्हा फिरवली. पाठीला शर्ट चिकटला होता. भाऊजी हसले नव्हते.

"खरंच ऊन लागलं?"

"मंग!"

"कंपनीवाले बी तेच म्हणतात." ते समोरच्या काचेकडे पाहत बोलत होते. "दोन हंगाम झाले. बी उगवलं नाई म्हणून माणूस बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन येते. मी कंपनीले फोन लावतो. ते म्हणतात, उनानं झालं, बियाणं चांगलं हाये. मी तेच काउंटरमागून त्या माणसाले सांगतो. त्याच्या तोंडाकडे पायत नाई."

मी घाम पुसला.

"पण तू सवता पायलं नं?" ते माझ्याकडे वळले. "एवढी पक्की मशीन उनानं जाते तं बियाणं काय चीज हाये! मंग कंपनी खोटं नसन बोलत. मी बी खोटं नसन बोललो."

त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल झालेला मी पाहिला. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. भरोसा शाबूत राहिला असता, वर कावळ्याला दादही मिळाली असती. मला दार उघडून पळावंसं वाटलं आणि दार उघडायचं नव्हतं.

दुसऱ्यांदा दिवा विझला. मी तिसऱ्यांदा चावी फिरवली.

"भाऊजी, ऊन नाई लागलं. मी इथं पाण्याचं मडकं ठेवत होतो. महिनाभर. पाणी आत गेलं."

त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. बाहेरून उस्ताद ओरडले, "नै, नै! दरवाजा नका खोलू! आखरीवाला हाये!"

हात परत मांडीवर आला. मग आम्ही दोघं दहा मिनिटं तो लाल दिवा पाहत बसलो. माझ्या कानामागून घामाचा थेंब निघाला, तो कॉलरपर्यंत पोचल्याचं मला कळलं. भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. मला खोकला आला, तो मी गिळला.

दिवा विझला. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरू राहिलं.

"उतर," भाऊजी म्हणाले.

मी उतरलो. ते फिरून स्टिअरिंगवर येऊन बसले. मी शेडमध्ये उभाच. आता अमरावतीची एसटी शोधायची, असं मनात म्हणेपर्यंत त्यांनी आतून डावं दार ढकललं.

"बस. पण बोलू नको."

तेल्हाऱ्याच्या वाटेवर अकोटला ते चहाला थांबले. तिकडचाच एक ओळखीचा कास्तकार तिथे बाकावर होता. त्याने विचारलं, "काय भाऊ, सकाळी अकोल्यात तुमची गाडी ट्रॅक्टरमागं बांधलेली दिसली?"

"यानं पाणी सांडलं. कॉम्प्युटर बदलाले लागला."

दहा मिनिटं मी रंगवलेली गोष्ट त्यांनी तेवढ्यातच संपवली. मग चहाचा ग्लास खाली ठेवला आणि या वेळी समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अन् तुमचं मागल्या सालचं बियाणं उनानं नाई गेलं. बियाणंच खराब होतं. मले मालूम होतं. मी सांगितलं नाई तुमाले."

त्या माणसाने ग्लास उपडा केला, दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि बसस्टँडकडे चालू लागला. एकदाही मागे वळला नाही.

भाऊजी गाडीत येऊन बसले. पहिला गिअर त्यांना दोनदा टाकावा लागला. मला त्या वेळी धीर देणारी निदान सतरा वाक्यं सुचली होती, त्यातली चार तर फारच सुंदर होती. तेल्हारा येईपर्यंत मी त्यातलं एकही बोललो नाही.