गोविंदरावांनी घासलेला आरसा

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी गोविंदराव चिंचवडला राहायला आले. त्यांची-माझी पहिली भेट आमच्या कारखान्यात, लेथपाशी झाली. दुर्बिणीसाठी पत्र्याची नळी करून हवी, असे ते म्हणाले. मी मावळातला साधा लेथवाला. "इहिरीला बसवायची का?" असे मी विचारले, तरी ते रागावले नाहीत. पुढे दर रविवारी त्यांनी मला यंत्रांच्या भागांचे नकाशे वाचायला शिकवले, म्हणून आज मी फोरमन आहे.

दक्षिणेत एका डोंगरावरच्या वेधशाळेत त्यांनी बावीस वर्षे नोकरी केली. तिथल्या जुन्या, प्रचंड दुर्बिणीचा आरसा त्यांच्या हवाली असे. काळवंडलेला चांदीचा थर उतरवून नवा चढवणे, हे त्यांचे काम. पण त्या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नव्हती, तिथे फोटोची काच बसवत. त्यामुळे स्वतः काच घासून दुर्बिणीचा आरसा करायचा आणि त्यातून एकदा चंद्र बघायचा, एवढीच इच्छा घेऊन ते निवृत्त झाले. काचबिंदूने एक डोळा आधीच गेला होता, दुसरा मंदावत होता.

दोन वर्षे घासून आरसा तयार झाला, त्यावर चांदी चढली. दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारपाजारच्या मंडळींना घेऊन देहूरोडकडच्या टेकडीवरून चंद्र बघायचे ठरले.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यातली सगळी यंत्रे पुजून मी त्यांच्या घरी गेलो. ते बाहेर गेले होते. एवढे मोठे हत्यार बिनपूजेचे कसे ठेवायचे, म्हणून मी आरशावर ओले हळदकुंकू वाहिले. डाग पुसेना, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. चांदीच आहे, म्हणून घरी निरांजन घासतो तशी मी त्यावर रांगोळी घासली. चांदी गेलीच, खालच्या काचेवरही ओरखडे उठले.

गोविंदराव परतले. त्यांनी आरशावरून बोट फिरवले.

"माझ्या हातनं झालं हाय," मी म्हणालो.

"सखारामभाऊ, पूजाच केलीत ना? मग आता रडू नका. काच पुन्हा घासावी लागेल."

मंडळींना त्यांनी सांगितले, "घाई केली मी, माझ्याच हातून बिघडला." मी तिथेच उभा होतो, पण माझे तोंड उघडले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुन्हा घासायला सात महिने लागले. तेवढ्या काळात त्यांचा दुसरा डोळाही गेला. शेवटचे पॉलिश त्यांनी नुसत्या हाताच्या अंदाजाने केले.

टेकडीवर दुर्बिणीला पहिला डोळा मीच लावला. ते शेजारी स्टुलावर बसले होते.

"चंद्राची कड कशी दिसते?"

"सुरीनं कापल्यावानी साफ हाय."

"मग जमला आरसा," ते म्हणाले.

मंडळींनो, आरसा गोविंदरावांनी बिघडवला नाही, मी बिघडवला. साठी पुरी करणाऱ्या या माणसाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे. त्यांची दृष्टी परत मागायला मला तोंड नाही. या गौरव अंकाच्या समितीला एकच विनंती आहे. हा लेख त्यांना दुसऱ्या कुणी वाचून दाखवू नये, मी स्वतः येईन. खंडेनवमीचा मजकूर आला की ते मला थांबवतील आणि "तेवढं गाळा," म्हणतील. या वेळी मी त्यांचे ऐकणार नाही.