साहेबांची कात

इस्त्रीच्या दुकानात ओल म्हणजे वैरी. शिंपडलेलं पाणी इस्त्रीखाली चर्र करून उडून गेलं पाहिजे, मागे राहता कामा नये. कॉलरच्या जोडात जरा दमट राहिलं आणि त्यावर घडी बसली की आधी कुबट वास, मग काळे ठिपके, आणि मग गिऱ्हाईक दारात उभं राहून जो काही उद्धार करतं तो मान खाली घालून ऐकायचा. काकूंनी तो एकदा ऐकला होता, लग्न होऊन दुकानात आल्या त्याच वर्षी. तेव्हापासून ओल दिसली की त्यांचा हात आपसूक फडक्याकडे जायचा. खिडकीची चौकट, बेसिनची कड, पेल्याखाली टेबलावर उमटलेलं वर्तुळ, सगळं कसं खडखडीत. गल्लीतली पोरंटोरं गमतीने म्हणायची, काकूंसमोर रडू नका, त्या डोळेसुद्धा पुसून इस्त्री फिरवतील.

काका अगदी उलटे. काकू इस्त्री करायच्या आणि काका सायकलवरून कपडे घरोघर पोचवायचे, म्हणजे नावाला पोचवायचे. खरं काम गप्पांचं. चार शर्ट द्यायला गेलेला माणूस जेवणाची वेळ टळली तरी उगवायचा नाही. असेच एकदा काका एका भाडेकरूकडे गेले, तो भाडेकरू घर सोडून निघाला होता, त्याला पाळलेला साप बरोबर नेता येईना. काका परत आले ते सायकलच्या मागे काचेची पेटी बांधून. आत केशरी अंगाचा, तांबड्या ठिपक्यांचा, हातभर लांब साप.

"अगं, बिनविषारी आहे. कोण घेणार बिचाऱ्याला?"

"आणि आपण कोण लागून गेलोत घेणारे?" काकू म्हणाल्या. पण पेटी राहिली. काकांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. का, तर आठवड्यातून एकदा भरपेट जेवायचं, बाकी वेळ पडून राहायचं, आणि कुणी मध्येच उठवलं तर फुत्कार टाकायचा. साहेब वाढत गेले, पेटी बदलली, आणि काकांचा त्यांच्यावर इतका जीव जडला की काकू म्हणायच्या, मला कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत.

भांडण एकाच गोष्टीवरून. काका रोज सकाळी इस्त्रीच्या टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलायचे आणि पेटीत फुस्स फुस्स फवारायचे. पाण्याचं भांडंही एवढं मोठं ठेवायचे की साहेब त्यात गुंडाळी करून बसायचे आणि निघताना सगळीकडे सांडायचे. काकू फडकं घेऊन मागे.

"बुरशी आणायची आहे का घरात?"

"असू दे गं, त्याला लागतं."

"मलाही पुष्कळ काय काय लागतं."

काका हसायचे आणि सायकल काढायचे. जगातली प्रत्येक गोष्ट फोड करून सांगणाऱ्या या माणसाने ही एक गोष्ट कधी नीट सांगितली नाही. काकूंनीही विचारली नाही. त्यांच्या मते तो काकांचा गबाळेपणा होता, आणि नवऱ्याचा गबाळेपणा कोण समजून घेत बसतं?

मग एके दिवशी काका सायकलवरून पडले. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ज्या तोंडाला कधी विश्रांती नव्हती त्यातून आता नुसता घरघरता आवाज यायचा. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, चिडचिड करतील, मनावर घेऊ नका.

काकूंनी दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट लावली आणि समोर साहेबांची पेटी ठेवली. काका तिच्याकडे बघत पडायचे. साहेबांचं आता काकूंनाच करायचं होतं. गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्यात धरायचा, तोंड फिरवायचं आणि पेटीत सोडायचा, हेही त्या शिकल्या. पेटी मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने ठेवली. फवारा बंद. मोठं भांडं काढून छोटी वाटी. तळाचा कागद कोरा करकरीत. इतकी स्वच्छ पेटी साहेबांनी जन्मात पाहिली नसेल.

आणि काकांनी पेल्याचं खूळ धरलं. डाव्या हाताने उशाशी असलेल्या पेल्याकडे खूण करायचे. काकू पेला ओठांना लावायच्या तर ओठ घट्ट मिटायचे. पेला हिसकावायचे आणि पाणी भिरकावायचे. थोडं पेटीवर, बरंचसं जमिनीवर आणि अंथरुणावर. काकू पुसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भिंतीवर हात मारणं, चादर ढकलणं, काकूंची बाही धरणं, असा दुसराही बराच छळवाद चालायचा, पण या पाण्याने काकूंच्या नाकी नऊ आणले. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं, आत हे. एकदा त्यांचा तोल सुटला.

"अहो, अजून काय काय पुसायला लावणार आहात मला? मी मेले म्हणजेच सुटेन."

काकांनी गादीवर मूठ आपटली. घशातून काहीतरी आलं, त्याचा शब्द झाला नाही. काकूंनी पेटी उचलली आणि बाहेर दुकानात नेली, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या फळीवर. त्यांना वाटलं, साहेबांना तिथे ऊब मिळेल आणि यांच्या डोक्याला शांतता. काका पेटी दाराबाहेर जाईपर्यंत बघत होते. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर पेला कधी सांडला नाही. पाजलं की प्यायचे. भरवलं की गिळायचे. नणंद येऊन बघून गेली, म्हणाली, "वहिनी, दादा निवळला हो." काकूंनाही बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे पुढे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुकानात दिवसभर इस्त्री तापलेली. थोड्याच दिवसांत साहेबांचा रंग उतरला, डोळे दुधाळ झाले. कात टाकणार, एवढं काकूंना ठाऊक होतं. काका हिंडतेफिरते असताना ती एका सकाळी सबंध निघालेली असायची. आता जुन्या भिंतीचा रंग सुटावा तशी तुकड्या-तुकड्याने सुटली आणि अर्धी अंगालाच चिकटून राहिली. शेपटीला त्या वाळक्या कातीचं कडं बसलं, त्यापुढचं टोक काळं पडायला लागलं. डोळ्यांवरची साय गेलीच नाही. साहेब काचेवर डोकं आपटायचे. नवऱ्याने जीव लावलेलं, हलतंबोलतं म्हणावं असं घरात एवढंच उरलं होतं, तेही आपल्या हातून चाललं. काकूंनी साहेबांना उशीच्या अभ्र्यात घातलं आणि प्राण्यांच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मायाळू होत्या. "पेटीत ओलावा कितपत असतो?"

"थेंब दिसणार नाही," काकू म्हणाल्या. अजूनही थोड्या अभिमानानेच.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काकू, हा पाण्यावाचून सुकलाय. कात सुटायला ओल लागते. हवेत लागते, बसायला पाणी लागतं. आधी कोण बघायचं याचं?"

"आमचे हे. फवारायचे रोज."

"मग त्यांना सगळं ठाऊक आहे की. त्यांनाच विचारत जा ना."

काकू बाहेर आल्या. दवाखान्याच्या बाकावर बसल्या आणि त्यांना तो हात दिसला, पेल्याकडे खूण करणारा. मिटलेले ओठ दिसले. पाणी पेटीच्या दिशेनेच उडायचं, दर वेळी, हेही आता दिसलं. माणूस घसा फोडून सांगत होता आणि आपण फडकं मारत होतो. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, बरं नाही का वाटत? काकूंनी मान हलवली आणि साहेबांचा अभ्रा पोटाशी धरला.

मग मात्र त्यांनी बाईंनी सांगितलेलं एक अक्षर चुकवलं नाही. पसरट डब्यात कोमट पाणी, साहेबांची पाठ उघडी राहील एवढंच, आणि त्यात त्यांना सोडून शेजारी बसून राहायचं. नंतर ओल्या टॉवेलच्या गुंडाळीतून सरपटू द्यायचं, म्हणजे सैल झालेली कात कापडाला लागून आपोआप येते. ओढायची नाही. डोळ्यांना तर हातच लावायचा नाही. झाकणाला भोक पाडलेला एक डबा, आत पिळलेलं ओलं कापड, ते रोज बदलायचं. मोठं भांडं परत आलं. फवाऱ्याची बाटली परत आली. शेपटीचं टोक गेलं ते गेलंच, पण साहेबांच्या अंगावरच्या सुरकुत्या भरल्या. पुढल्या खेपेला डोळे दुधाळ झाले तेव्हा काकू दुकान सोडून पेटीपाशीच घुटमळत होत्या.

कात सबंध निघाली. उलट्या काढलेल्या मोज्यासारखी, नाकापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट. काकूंनी दुकानाचं दार लोटून घेतलं, पेटी उचलून आत आणली आणि जुन्या जागी ठेवली. कात दोन्ही तळव्यांवर घेऊन खाटेवर बसल्या.

"अहो, बघा. कुठे फाटली नाही. डोळे स्वच्छ झाले त्याचे."

काका भिंतीकडे तोंड करून होते. काकूंनी गालाला हात लावून चेहरा वळवला. वळवला तसा वळला. डोळे पेटीवर आले आणि तिथे नुसते टेकले. साहेब भांड्यात शिरत होते. पाणी सांडलं, कुणी पुसलं नाही.

"मला कळलं हो. तुम्ही त्याच्यासाठी पाणी मागत होता. मी मूर्ख. कळलं मला."

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेव्हा काकूंना खरी भीती वाटली. पाण्याचं एक कळलं, पण बाकीचं? डॉक्टरांच्या त्या एका चिडचिड शब्दाखाली आपण काय काय गुंडाळून ठेवलं?

"दुपारचे भिंतीवर हात मारायचात, ते काय होतं? पलीकडून इस्त्रीची धग लागत होती का? खाट सरकवू?" त्या थांबल्या. "चादर ढकलायचात. टोचत होती? की ओली झालेली असायची आणि मला समजायचं नाही? सकाळी दुकान उघडायला निघाले की माझी बाही धरायचात. मी बोटं सोडवून जायचे. थांब म्हणत होता का?"

बाहेर कुणीतरी दार वाजवून कपडे झाले का म्हणून विचारत होतं. काकू उठल्या नाहीत. काकांचा डावा हात, चांगला असलेला, चादरीवर पडला होता. काकूंनी तो उचलून आपल्या बाहीवर ठेवला. बोटं मिटली नाहीत. हात घसरून खाली पडला, तसा त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला.