चिठ्ठीकाकांचा शब्द

रेडिओ दुरुस्त करून हातात दिल्यावर त्यात अजून काय बिघडलेलं आहे हे गिऱ्हाइकाला सांगणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. नुसतं सांगायचे नाहीत, लिहून द्यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा तुकडा, त्याच्या पाठीवर शाईपेनाने चार ओळी, आणि ती चिठ्ठी रेडिओच्या झाकणाला आतून खळीने चिकटवलेली. आमच्या घरच्या रेडिओतली मला अजून पाठ आहे : ‘आवाज येते. उजवं बटन जोरानं फिरवू नये. पावसाळ्यात खरखर करीन, तवा मले शिव्या देऊ नये.’ खाली सही. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते चिठ्ठीकाका.

वनखात्याच्या वायरलेसवर तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोलीचं दुकान टाकलं. चिठ्ठीपायी त्यांची गिऱ्हाइकं तुटत, आणि हात चांगला म्हणून परत येत. रामपायलीच्या एका मास्तरांनी आपला जुना रेडिओ विकायला काढला. घेणाऱ्याने सहज झाकण उघडलं, चिठ्ठी वाचली आणि रेडिओ होता तिथे ठेवून तो निघून गेला. मास्तर तणतणत दुकानात आले. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “मी चिठ्ठी रेडिओची लिहिली, गुरुजी. तुमच्या सौद्याची नाही.”

यंत्रांपुरतं असतं तर ठीक होतं. सख्ख्या पुतण्याच्या सोयरिकीला लांजीहून पाहुणे आले, तेव्हा मुलीच्या बापाने रीत म्हणून काकांना विचारलं, मुलगा कसा आहे. काका म्हणाले, पोरगा गुणाचा आहे, निर्व्यसनी आहे, पण सकाळी नऊच्या आत उठत नाही आणि उठवलं तर भांडतो. लग्न झालं, पण पुतण्या पुढे दोन वर्षं काकांच्या दारात आला नाही. ही हकीकत मला स्वतः काकांनीच सांगितली होती. हे आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं म्हणायची सोय मला राहणार नाही.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मी घरातला पंखा जाळला म्हणून. पॉलिटेक्निकला दोनदा नापास झालेला मी, पंखा स्वतःच दुरुस्त करतो असं आईला ऐटीत सांगून बसलो होतो. काकांनी जळकी मोटार हुंगली आणि विचारलं, “काहून रे, याच्यावर राग होता का तुया?” दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जाऊन बसायला लागलो. कोणत्याही यंत्राला हात लावायचा तर आधी उलट्या हाताने, बोटांच्या पाठीने, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं. कुठे गरम लागतंय ते बघायचं, आणि झटका बसलाच तर हात मागे येतो, तारेला घट्ट धरून बसत नाही. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, नंतर. मी अर्थात पेचकसच आधी लावायचो. माझ्या बोटांवर त्या काळाच्या दोन खुणा आहेत.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता तो. काका एकोणसाठ वर्षांचे, आणि त्या वयात त्यांना संगणकाचं वेड लागलं. नागपूरहून त्यांनी एक हिरवी पाटी आणली. वहीच्या पानाएवढी, त्या एका पाटीवरच सगळा संगणक, खाली बटणं आणि वर सहा आकड्यांची लाल खिडकी. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक त्यांनी चार महिन्यांत वाचलं. प्रोग्राम ते कॅलेंडरच्या पानांमागे रकाने पाडून लिहीत आणि मी बटणं दाबून पाटीत घालत असे. एक बटण चुकलं की सगळं पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात मी दर दुपारी पहिल्यापासून सुरुवात करत होतो.

त्याच सुमाराला बैहर रस्त्यावरच्या एका मँगनीजच्या खाणीत मला रोजंदारीवर काम लागलं. खाणीच्या तीन वजनकाट्यांवर अशाच तीन पाट्या बसवायचं साहेबांच्या मनात होतं. ट्रक काट्यावर आला की बाबूने वजन बघून बटणं दाबायची, पाटीने खेपा मोजायच्या आणि वजनांची बेरीज ठेवायची. प्रश्न एवढाच होता की पाटीवर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची. म्हणजे वीज आल्या आल्या यंत्राने काय करायचं, बटणं कशी ओळखायची, हिशेब कुठे ठेवायचा, हे सांगणारा तिच्यातला मूळ प्रोग्राम कोणता. एक रस्ता विकतचा : पाटीला फ्लॉपीचा डबा जोडायचा आणि त्यावरून सीपी/एम ही तयार सिस्टीम चालवायची. दुसरा रस्ता म्हणजे आम्ही. आपलीच छोटी सिस्टीम लिहून एका चिपमध्ये भाजून टाकायची, म्हणजे वीज गेली तरी पुसणार नाही अशी कोरायची.

कोणतीही वस्तू काका एकाच प्रश्नावर पारखत : “अन् लाईन गेली मंग?” त्या भागात लाईन, म्हणजे वीज, दिवसातून चारदा जायची. “फ्लॉपीवाल्याले दर बारीनं उठवा लागते,” ते म्हणायचे, “आपलं यंत्र सोताच उठून बसीन.” शिवाय मँगनीजची काळी धूळ. ती डब्यात गेली की फ्लॉपी संपली. साहेबांनाही हे पटल्यासारखं दिसत होतं. श्रावणात बैठक घेऊन निर्णय करू, असं ते म्हणाले. आमची सिस्टीम ठरली तर ती सांभाळायला माणूस लागणार, आणि तो माणूस मी, कायम नोकरीवर. घरी मी ‘ठरली तर’ हे दोन शब्द गाळून सांगितलं. आईने गल्लीत पेढे वाटले.

वजनाचा भाग काकांनी लिहिला, खेपा मोजायचा मी. लाईन गेली तरी आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून पाटीला एक छोटी बॅटरी जोडली. सगळी सिस्टीम चिपमध्ये इतकी नेमकी बसली की एका आज्ञेलाही जागा उरली नाही, आणि ही माझी कर्तबगारी असल्यासारखं मी गावभर सांगत सुटलो. त्यात एक आगाऊपणाही केला. पाटीच्या लाल खिडकीत आकड्यांशिवाय इंग्रजीतली ए ते एफ एवढीच अक्षरं उमटत, आणि घरात धाकटी भावंडं मला दादा म्हणत. डी-ए-डी-ए. वीज आली की पाटी आधी ‘दादा’ लिहायची आणि मग कामाला लागायची. काकांनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एवढीच त्यांची टीका.

बैठकीच्या पाच दिवस आधी, दुपारी काट्याच्या शेडमध्ये बसल्या बसल्या मी खेपेचं बटण उगाच दाबत होतो. दोनशे त्रेपन्न, दोनशे चोपन्न, दोनशे पंचावन्न. पुढचा आकडा शून्य. जागा वाचवायला मी मोजणीला स्मृतीतलं एकच घर दिलं होतं, आणि एका घरात त्याहून मोठा आकडा मावत नाही. पाटीने दोनशे छप्पन्न ट्रक गिळले आणि हूं की चूं केलं नाही.

खाणीतून दिवसाला फार तर साठ ट्रक जायचे, आणि बाबूने रोज संध्याकाळी बटण दाबून मोजणी शून्यावर आणायची होती. म्हणजे तसं बिघडलेलं काही नव्हतं. तरी चैन पडेना, म्हणून मी बसने थेट काकांच्या दुकानात गेलो आणि सांगून टाकलं. ते म्हणाले, बाबू चार-पाच दिवस विसरला तर? मी म्हटलं, विसरणार नाही. “मानूस विसरते,” ते म्हणाले. “दुरुस्त कर.” मी कारणं सांगितली. चिपमध्ये जागा नाही. चिपमधलं लिहिलेलं उजेडाने पुसतं; त्यासाठी तिच्या काचेवरचा कागद काढून आठ दिवस कडक उन्हात ठेवावी लागते. पुसायचा दिवा नागपुरात, आमच्याकडे फक्त सूर्य, आणि श्रावणात तोही नाही. नवी चिप आणायला नागपूरला जाऊन येता आलं असतं. पण मग ‘दादा’ काढून ती जागा मोजणीला द्यावी लागली असती. हे कारण मी सांगितलं नाही.

उलट मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, बैठकीत हे काढू नका. निर्णय होऊन जाऊ द्या, मग मीच दिवाळीच्या आत दुरुस्त करतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग समोरच्या उघड्या ट्रान्झिस्टरकडे.

“बरं. नाही सांगत.”

“शब्द?”

“हौ. शब्द.”

बैठकीला साहेब होते, त्यांचे हिशेबनीस होते, फ्लॉपीवाला सेल्समन होता आणि आम्ही दोघे. मी पाटी चालू केली. खिडकीत लाल अक्षरं उमटली. साहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, “ये दादा कौन है?” हिशेबनीस हसले. मी म्हटलं, साहब, कंपनी का निशान है. मग मी बटणं दाबून खेपा मोजून दाखवल्या, मुद्दाम लाईन बंद करवली, चालू करवली, पाटी स्वतःच उठून बसली. सेल्समनचा चेहरा उतरला. साहेबांनी कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. मग सहीच्या आधी विचारायचं म्हणून, पुतण्याच्या सासऱ्याने विचारलं होतं तितक्याच सहज, त्यांनी काकांना विचारलं, “काकाजी, इसमें कोई कमी तो नहीं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जेवढं बजावता येतं तेवढं बजावलं.

“है, साहब,” ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोणाचा भाग, किती आकड्यापर्यंत, त्यानंतर काय होतं. तेही साध्या हिंदीत, न चाचरता. त्याच दमात फ्लॉपीची कमीही सांगितली, धुळीची. म्हणाले, यातली कमी महिन्याभरात काढता येईल, त्यातली काढता येणार नाही. पण हे दुसरं कोणी ऐकलंच नाही. हिशेबनिसांनी एवढंच धरलं की हे यंत्र ट्रक खातं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हें मालूम था? मी नाही म्हटलं. काकांनी मान खाली घातली, पण मी खोटं बोललो हे त्यांनी सांगितलं नाही. यंत्राबद्दल त्यांना विचारलं होतं, माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.

फ्लॉपीची सिस्टीम ठरली. परतीच्या बसमध्ये काका पुढे बसले, मी मागच्या दाराशी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, तुमचं तिकीट काढलंय पुढच्या बाबूजींनी. मी हट्टाने दुसरं काढलं. बालाघाट येईपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा मी खिडकीबाहेरचं जंगल बघत होतो.

दोन महिन्यांनी माझी रोजंदारी संपली. पेढे खाल्लेल्या गल्लीत तोंड दाखवायला नको, म्हणून मी नागपूरला गेलो आणि टीव्हीच्या दुकानात कामाला लागलो. पहिल्याच उन्हाळ्यात खाणीतल्या फ्लॉपी धुळीने मेल्या आणि तिन्ही काट्यांवर पुन्हा बाबूची वही आली. हे कळलं त्या दिवशी मी अख्ख्या दुकानाला भजी खिलवली. काकांची गोष्ट मी तेव्हापासून मित्रांच्या बैठकीत रंगवून सांगायला लागलो : जगातला एकमेव गुरू, ज्याने चेल्याला भर बैठकीत विकलं. दर वेळी मी थोडा अधिक हुशार व्हायचो आणि काका थोडे अधिक कपटी. दोनशे पंचावन्नचा आकडा त्या गोष्टीत कधी आला नाही.

चार वर्षांनी आईचं पत्र आलं की काका अंथरुणावर आहेत, येऊन जा. मी गेलो. खाटेवर माणूस निम्मा राहिला होता. काकूंनी चहा ठेवला आणि आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून त्या आत गेल्या. राग केव्हाच गेला, असं सांगायचं मी वाटेत ठरवून आलो होतो. त्यांनी विचारलं, “राग हाय का अजून?”

“आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आवडलं असावं.

“साहेबाले सांगितलं त्याचं मले काई वाटत नाही,” ते म्हणाले. “आजबी इचारलं तं सांगीन. पन तुले शब्द देला ना, तवाच मले मालूम होतं का हा पाळनं होनार नाही आपल्याच्यानं. तुह्या तोंडाकडे पाह्यलं अन् खोटं बोल्लो. तेवढं चुकलं.”

चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला. ते महिनाभराने गेले.

बैठकीतलं त्यांचं खरं बोलणं मी माफ करून टाकलं आहे. चूक माझी होती आणि त्यांना विचारलं होतं. पण ज्या माणसाला रेडिओशीसुद्धा खोटं बोलता येत नसे, तो माझ्याशी खोटं बोलला, आणि त्या एका शब्दावर मी पाच दिवस निर्धास्त झोपलो. तेवढे दिवस हातात होते. नागपूरला जाऊन चिप आणता आली असती. काका तेव्हा ‘शब्द देत नाही’ म्हणाले असते, तर मी गेलो असतो.