फुकटचा सुटा भाग

उद्या दिल्लीच्या बैठकीत देवश्री आकडा बदलायला नाही म्हणाली, तर तिची नोकरी राहील का? हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. घरातले सगळे झोपलेत आणि मी लिहीत बसले आहे.

देवश्री माझी धाकटी. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात वाढली, तिथेच इंजिनीयर झाली. तिची कंपनी लष्करासाठी एक काम करते. ट्रक विकत घेतल्यापासून तो भंगारात जाईपर्यंत डिझेल, टायर, दुरुस्ती, मेकॅनिकचे पगार धरून त्यावर किती खर्च होतो, हे वर्षानुवर्षं मांडत राहायचं. पाहुणे विचारतात, पोरगी फौजेत आहे का? मी सांगते, नाही, फौजेच्या गाड्यांची आजारपणं लिहिते.

स्वभावच तसा. स्कूटर घ्यायला गेलो तेव्हा किंमत राहिली बाजूला, कुठला भाग आधी जातो आणि तो मिळतो कुठे, हेच विचारत बसली. शेवटी दुकानदार म्हणाला, "दीदी, लेना है कि खोलना है?"

मागच्या महिन्यात आमचा मिक्सर बंद पडला. माळ्यावरच्या जुन्या मिक्सरची मोटर काढून मी यात बसवून घेतली आणि फुकटात काम झालं म्हणून कौतुकानं सांगितलं.

"फुकट कहाँ हुआ, आई? एक मिक्सर तो गया ना."

तेव्हा मी हसले. तिच्या कामात मात्र भांडण याच गोष्टीवरून आहे. सुटा भाग वेळेवर आला नाही की बंद उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रकमधून तो काढून लावतात. कंपनीच्या हिशेबात त्याची किंमत शून्य धरतात. मग ट्रक स्वस्त दिसतो आणि तसलेच पुन्हा मागवले जातात. देवश्रीने शून्य काढून खरा खर्च धरला. तिचे साहेब धर्मपाल म्हणाले, शून्यच राहू दे, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला देतो.

काल दिल्लीला निघताना तिनं हे घरी सांगितलं. तिचे बाबा आधीच धास्तावलेले.

"साहेबासंग काहून भांडून राहिली तू?"

"बाबा, वो ट्रक पहाड़ पे बंद पड़ेगा, तो अंदर कोई बैठा रहेगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि पोचलीस की फोन कर, एवढंच म्हटलं. पोचल्यावर तिनं केला, पण जेवले, झोपते, याच्यापुढे काही बोलली नाही.

नोकरीची काळजी मला आहे, ती उद्याही राहील. पण तिचं म्हणणं मला पटलं आहे आणि ते तिला अजून कोणीच सांगितलेलं नाही. बैठक दहाला आहे. सकाळी ती खोलीतून निघायच्या आत मी फोन लावणार आहे. तू धरलेला आकडा तसाच ठेव, शून्य करू नकोस म्हणून सांगते. पुढचं घरी आल्यावर पाहू.